पाटीवरचा पाय

आमच्या इंझोरीत आट्यापाट्याच्या पाट्या चुन्याने आखत नसत. गावालगत एक पडीत वावर होते. सुगी सरली की त्यात नांगराचा एक लांब तास ओढायचा, त्याला आडवे नऊ तास घालायचे, की मैदान तयार. आडव्या प्रत्येक तासावर, म्हणजे पाटीवर, एकेक गडी उभा राही. समोरच्या संघातले गडी त्यांना चुकवत एकेक पाटी ओलांडत पलीकडे जात आणि तसेच परत येत. कोणी परत आला की आमच्यावर लोण लागला. पहिल्या पाटीवरच्या गड्याला मात्र मधला लांब तासही मोकळा असे. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही धावू शके. त्याला सूर म्हणत. मागच्या एखाद्या पाटीवाल्याने कोणाला अडवून धरले, की सुराने धावत येऊन मधली वाट बंद करायची. मग तो गडी दोन पाट्यांमधल्या चौकात कोंडला जाई. नियम एकच कडक होता. शिवताना पाय पाटीवर हवा. पाय सुटला तर शिवलेले फुकट.

माझा चुलतभाऊ आमच्या गावचा सूर होता. मी त्याला दादा म्हणत असे, जरी तो माझ्याहून दीडदोन वर्षांनीच मोठा होता. तो जाऊन आता दोन महिने होत आले. मी वाशीमला शाळेत शिकवतो. संध्याकाळी खोलीवर आलो की थोडे लिहितो, आणि पुष्कळदा लिहिलेले दुसऱ्या दिवशी खोडतो. त्याच्याविषयी लिहावे असे मोठे काही घडले नाही. जे घडले ते एका हिवाळ्यात घडले आणि तिथेच राहिले.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. मोठेबाबांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, आम्हा दोघांना सारखेच वाढवले आणि मॅट्रिक झाल्यावर दोघांनाही अमरावतीला कॉलेजात धाडले. त्यात त्यांचा हिशेब सरळ होता. मी वाचणारा, म्हणून मी शिकावे. आणि मी एकटा तिकडे वाळून जाईन, म्हणून दादाने माझ्याबरोबर असावे. बैलगाडीने कारंजा, तिथून लहान आगगाडीने मूर्तिजापूर, आणि पुढे मोठ्या गाडीने. पहिल्यांदा निघालो तेव्हा दादाच्या ट्रंकेत पुस्तके कमी आणि मोठ्या आईने, म्हणजे त्याच्या आईने, भरलेल्या तिळाच्या वड्या जास्त होत्या.

गावच्या वावरात दादाला खेळताना ज्याने पाहिले नाही त्याला पुढचे सांगून उपयोग नाही, म्हणून तेवढे सांगतो. तो खाली कधी बघत नसे. नांगराचा तास वीतभर खोल असतो. त्याच्या दोन्ही कडा तळव्याला लागतात. दादाचे पाय त्या तासातून ओढ्याच्या पाण्यासारखे जात आणि वरचा सगळा दादा मोकळा असे. मान ताठ, हात पसरलेले, नजर एकाच वेळी तिघाचौघांवर. शिवाय तोंड चालूच.

"ये बे, ये. घाबरतं काहून? मी काय खातो का तुले?"

समोरचा हसला की गेला. दादा वळे कसा ते दिसत नसे. आधी इकडे असे, मग तिकडे असे. म्हातारी माणसे वावराच्या मेरेवर बसून त्याच्याकडे बघत तंबाखू चोळत राहत आणि तोंडात टाकायची विसरत. मी त्याच्या मागच्या, दुसऱ्या पाटीवर उभा राही. मला खेळाची आवड बेताची, पण माझे हात लांब, आणि दादा म्हणे, "तू फक्त अडव. बाकी माह्यावर सोड." मी अडवत असे. तेवढे मला जमे, कारण तो येणार हे मला ठाऊक असे.

कॉलेजच्या संघाचा कप्तान अमरावतीचाच होता, आमच्याहून दोन वर्षांनी पुढे, मोजके बोलणारा. होस्टेलमागे काळ्या जमिनीचा एक तुकडा होता, तिथे कुदळीने ओरखडे काढून पावसाळाभर सराव चाले. कप्तानाने दादाला एक संध्याकाळ पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सुराची जागा दिली. पहिल्या वर्षाच्या मुलाला सूर करणे ही तिथे नवलाची गोष्ट होती. त्याच्यामुळे मलाही दुसरी पाटी मिळाली. दादाने घरी कार्ड टाकले. मोठेबाबांना वाचता येत नसे, पण त्यांनी ते कार्ड दुसऱ्याकडून वाचून घेतले आणि आठवडाभर बंडीच्या खिशात बाळगले, असे मोठ्या आईने नंतर सांगितले.

पहिला सामना अमरावतीतच, नागपूरकडच्या एका संघाशी होता. मैदान मुरमाचे, धुम्मसाने चोपून पाटासारखे गुळगुळीत केलेले, आणि त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. मी ते पाहिले आणि मला काही वाटले नाही. दादालाही वाटले नसावे. रेघ ती रेघ.

खेळ सुरू झाला. दादाने पहिल्याच झपाट्यात एकाला शिवले आणि आमची पोरे ओरडली. पंचाने हात वर केला. पाय सुटला होता. दादा हसला, मान हलवून पुन्हा उभा राहिला. दुसऱ्याला शिवले, पुन्हा हात वर. मग एकाला मी कोंडीत धरला, दादा मधल्या रेघेवरून वाऱ्यासारखा आला, त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि पंचाचा हात पुन्हा वर. दादाचा पाय रेघेपासून चांगला हातभर लांब होता. त्याला ते कळलेच नव्हते. त्याचे पाय तासाच्या कडा शोधत होते, आणि मुरमाला कडा नव्हत्या. घरी जिथे जमीन त्याला सांगत असे, तिथे आता काही सांगत नव्हती, आणि तो आपल्या सवयीने मान ताठ ठेवून भलतीकडेच धावत होता.

तो डाव संपेपर्यंत समोरच्यांनी दादाला चुकवायचे सोडूनच दिले. ते त्याच्या अंगावरून जात. शिवले तरी पंचाचा हात वर ठरलेलाच. आम्ही किती लोण खाल्ले ते मी सांगत नाही. संपल्यावर दादा मैदानाच्या कडेला बसला आणि पाय उलटा करून तळवा बघत राहिला. तळव्याच्या एका कडेलाच तेवढा चुना लागला होता.

होस्टेलवर त्याला नाव पडायला उशीर लागला नाही. जेवायला बसलो की पलीकडच्या पंगतीतून कोणीतरी ओरडे, "अरे, नांगर आणा रे! सूर आलाय!" दुसरा म्हणे, "बैल पण लागतील." दादा त्यांच्याबरोबर हसे. गावी तो स्वतः याहून वाईट चेष्टा करीत असे, त्यामुळे रागावायची सोय नव्हती. मात्र रात्री तो पोळ्या कमी खाऊ लागला, हे माझ्या लक्षात आले.

कप्तानाने त्याला बाजूला बोलावले तेव्हा मीही होतो.

"पौषात कारंज्याला सामना आहे," कप्तान म्हणाला. "तिथल्या तालमीच्या संघाशी. तुमच्याच मुलखात. तोवर मी सूर बदलत नाही. पण तिथे पाय सुटता कामा नये. सुटला तर मला दुसऱ्याला उभे करावे लागेल. मग वर्षभर तोच राहील."

"नाही सुटणार," दादा म्हणाला.

कारंजा म्हणजे आमचे घरच. इंझोरीहून लोक गाड्या जुंपून येणार, मोठेबाबा येणार. त्या एका सामन्यावर दादाने सगळे लावले. दुसरे त्याच्याजवळ काही नव्हतेही. अभ्यासात तो मागेच होता, आणि ते त्याला माहीत होते. कॉलेजात तो कोणी असेल तर सूर म्हणून, नाही तर माझ्यासोबत धाडलेला भाऊ.

दिवाळीच्या सुटीत आम्ही घरी आलो. गोठ्यामागे कडक, तुडवून घट्ट झालेली जागा होती. दादाने ती झाडून काढली आणि चुलीतल्या राखेने लांब रेघ ओढली. चुना विकत आणावा लागला असता. रोज सकाळी आणि दिवस मावळताना तो त्या रेघेवरून पळे. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून पुस्तक घेऊन बसे आणि मधूनमधून म्हणे, "सुटला." तो परत टोकाला जाई. "सुटला." पुन्हा परत. बैल रवंथ करीत आमच्याकडे बघत.

तिसऱ्याचौथ्या दिवशी मोठी आई कमरेवर हात ठेवून गोठ्यामागे आली.

"सारी राख तू इथी आनून टाकली. मी भांडे कायनं घासू? तुह्या पुस्तकानं?" पुस्तक माझे होते, पण बोलणे दादाला होते.

"थोडी ठेवली आहे नं वो माय चुलीत."

"ठेवली आहे! चिमूटभर. आन् हे काय, घरचं पोरगं राखेवरून पळून राह्यलं, लोक काय म्हनतीन? कोनी मेलं का घरात?"

"शुभ बोल नं वो," दादा म्हणाला, पण तो हसत होता.

मोठेबाबांना कुतूहल होते, पण ते विचारीत नसत. एका संध्याकाळी ते बैलांना वैरण टाकायला आले आणि पेंढी हातात तशीच धरून उभे राहिले.

"काहून पळून राह्यला रे तू या रेघेवरून?"

दादाने सांगितले. अमरावतीला पाय सुटला, पंचाने हात वर केला, शिवलेले सगळे वाया गेले. मोठेबाबा आमच्या पिढीचा खेळ लांबूनच बघत. स्वतः कधी खेळले नव्हते. ते नीट ऐकत होते.

"म्हंजे पाय रेघेवरून हटला का पंच हात वर करते."

"हाव."

"एवढंच?"

"एवढंच."

"मंग नको हटू," मोठेबाबा म्हणाले आणि त्यांनी पेंढी बैलापुढे टाकली.

सुटीच्या शेवटी दादाचा पाय सुटेनासा झाला. मी पुस्तकात डोके घालून बसलो तरी चाले, मला बोलावे लागत नसे. तो टोकाला जाई, वळे, परत येई, आणि राखेची रेघ त्याच्या पावलांखाली बरोबर मध्यावर पुसत जाई. पण तो मान खाली घालून पळत होता. सरळ जाताना कमी, वळताना जास्त. वळायच्या क्षणी त्याला रेघ डोळ्याने बघावीच लागे.

"दादा, मान वर," मी म्हटले.

त्याने मान वर केली. दोन फेऱ्या झाल्या नाहीत तो पाय बाहेर.

"पाह्य," तो थांबून म्हणाला. "मान वर केली का पाय जाते. पाय धरला का मान जाते."

"मग?"

"मग काय. थो कप्तान म्हनला पाय नाही सुटला पाहिजे. मान कशी ठेवाची थे नाही म्हनला."

त्याने हे गमतीने म्हटले. मग तो रेघेवर बसला आणि बराच वेळ बोटाने राख सारखी करीत राहिला. "होईन," तो म्हणाला. "पायाले सवय झाली का मान आपोआप वर येईन. बैलाले नाही का, पहिले कासरा लागते." मलाही ते पटले. आम्हाला दोघांनाही वाटत होते की दिवस पुष्कळ आहेत.

अमरावतीला परतल्यावरही त्याने तेच केले. होस्टेलच्या अंगणातल्या फरशीच्या सांध्यावरून तो पळे, आणि सांधा दिसावा म्हणून खाली बघे. कप्तानाने एकदा पाहिले आणि म्हणाला, "समोर बघ." दादा म्हणाला, "बघतो." मान मात्र वर आली नाही. हिवाळा आला.

कारंज्याच्या मैदानावर त्या दिवशी जत्रेसारखी गर्दी होती. आमच्या गावच्या गाड्या चिंचेच्या झाडाखाली सोडलेल्या होत्या आणि इंझोरीची माणसे मैदानाच्या एका बाजूला एकत्र बसली होती. मोठेबाबा पुढेच होते. नवे धोतर, डोक्याला बांधलेला फेटा, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या मांडवात बसल्यासारखा भाव. दादा त्यांच्या पाया पडायला गेला. त्यांनी काही आशीर्वाद दिल्याचे मी ऐकले नाही, ते एवढेच म्हणाले, "रेघ पाह्यजो."

मैदान अमरावतीसारखेच होते, मुरूम आणि चुना. दादा पहिल्या पाटीवर जाऊन उभा राहिला तेव्हा आमच्या बाजूने आरोळी उठली. "इंझोरीचा सूर हाय! संभाळून रे कारंजेवाले!" मी माझ्या पाटीवरून त्याची पाठ बघत होतो. पाठ घामाने आधीच ओली झाली होती, आणि ऊन तर नुकतेच चढत होते.

पहिल्या काही क्षणांत ते लोक जपून होते. आमच्या सुराची ख्याती त्यांच्या कानावर आली असावी. त्यांचा एक बुटका, काळाशार गडी होता, चपळ आणि हसऱ्या तोंडाचा. तो पहिल्या पाटीपुढे डावीउजवीकडे झुलत दादाचा अंदाज घेत होता. तो उजवीकडे गेला, दादा उजवीकडे गेला. तो डावीकडे फिरला. दादा वळला, आणि वळताना त्याची मान खाली गेली. बुटक्याने ते पाहिले. पुढच्या वेळी तो उजवीकडे जातो असे दाखवून डावीकडे फिरला आणि दादाची मान खाली असतानाच त्याच्या हाताखालून आत आला. मी त्याला माझ्या पाटीवर अडवला. बरोबर अडवला, तो पुढेही जाऊ शकत नव्हता, मागेही नाही. फक्त मधली वाट उघडी होती, आणि तिथे दादा यायचा होता.

तो आला. पाय रेघेवर, नजर रेघेवर, अगदी नेमका. पण एका श्वासाने उशिरा. बुटका तोवर मधली रेघ ओलांडून पलीकडच्या चौकात गेला होता आणि तिथून पुढच्या पाटीवर. दादाने मान वर केली तेव्हा समोर मी एकटाच होतो.

नंतर सगळ्यांनाच ते कळले. त्यांना दादाला फसवावेही लागत नव्हते. तो वळेपर्यंत थांबायचे, एवढेच. माझ्या डाव्या बाजूने गेले, उजव्या बाजूने गेले. मी एकाला अडवून धरावे आणि तेवढ्यात दोघांनी जावे. मागच्या पाट्यांवरची आमची पोरे ओरडत होती, "सूर! अरे सूर!" दादा तिकडे धावे. पाय एकदाही रेघेबाहेर नाही.

कारंज्याचे लोक आधी टाळ्या पिटत होते, मग त्यांना त्यात गंमत वाटू लागली.

"काय पडलं वो सूरभाऊ? अधेली हरपली का?"

"मुंग्या मोजून राह्यला थो. मोजू द्या, मोजू द्या."

"अबे, वर पाह्य! आमी वर हावो!"

आमच्या गावच्या बाजूने आवाज बंद झाला होता. मी एकदा तिकडे पाहिले. एकजण जमिनीवर काडीने रेघोट्या ओढत बसला होता. मोठेबाबा मात्र दादाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर पंचावर खिळलेली होती. सबंध खेळभर ते पंचाच्या उजव्या हाताकडे बघत होते.

आम्ही अमरावतीला हरलो होतो त्याहून वाईट हरलो.

खेळ संपल्यावर कप्तान दादाजवळ आला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते. "पाय एकदाही सुटला नाही तुझा," तो म्हणाला. मग त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. पुढचे त्याला बोलावे लागले नाही. दादाने मान हलवली. त्या वर्षी उरलेले सामने तो सगळ्यात शेवटच्या पाटीवर खेळला, जिथपर्यंत गडी येतो तेव्हा फार काही करायचे उरलेले नसते.

पण मी सांगायला बसलो ते एवढेच नाही. आम्ही चिंचेखाली गाडीजवळ गेलो तेव्हा मोठेबाबा उठून उभे राहिले. त्यांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नाही केला," ते म्हणाले. "एकदाबी हात वर नाही केला त्यानं. मी डोयात तेल घालून पाहून राह्यलो होतो."

दादा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हारजीत राहू दे. थे बाकीचे पोट्टे करतीन. तुहं काम तू केलं." आणि मग ते गावच्या माणसांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "पाह्यलं का? सुधरलं पोरगं! दिवाळीपासून लागलं होतं मागं. एक वेळा पाय नाही सुटू देला!"

गावची माणसे जाणती होती. त्यांनी खेळ बघितला होता. एका म्हाताऱ्याने "हाव, हाव" म्हटले आणि बैल जुंपायला घेतले. मोठ्या आईने पुऱ्या आणि लोणचे बांधून दिले होते ते मोठेबाबांनी सोडले आणि दादाच्या हातावर स्वतः पुरी ठेवली. दादाने ती खाल्ली. मी शेजारी बसलो होतो. त्याने ती पूर्ण खाल्ली, आणि दुसरी दिली तीही.

गाड्या निघून गेल्यावर आम्ही स्टेशनाकडे चालू लागलो. बाकीची पोरे बरीच पुढे होती.

"तू मोठेबाबांना सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"काय सांगू? मीच सांगतलं होतं त्याइले, पाय सुटला का बिघडते म्हून. थेच पाह्यलं त्याइनं." थोडे चालल्यावर तो म्हणाला, "आपल्या समद्याइत थो एकटा मानूस खुश होता रे."

त्यानंतर मोठेबाबा जिवंत होते तोवर ही गोष्ट सांगत. लग्नात, बाजारात, शेलूबाजारला बैल विकायला गेले तरी तिथे. कारंज्याला एवढा मोठा खेळ झाला आणि पंचाला आमच्या पोराविरुद्ध हात वर करायची संधी मिळाली नाही. पहिल्या पहिल्यांदा दादा तिथून उठून जाई. पुढे तो बसून राहू लागला. कोणी त्याच्याकडे बघितले की मान हलवी, जणू होय, तसेच झाले. आणि तसेच झाले होते.

कारंज्याच्या सामन्यानंतर दीडेक वर्षाने दादा इंटरला नापास झाला आणि गावी आला. मी पुढे शिकत राहिलो. त्यानंतरची होळी मला आठवते, कारण मी सुटीत आलो होतो. गावच्या पोरांनी पडीत वावरात नेहमीसारखे तास ओढले आणि दादाला बोलवायला आले. तो नाही म्हणत होता. मोठेबाबाच म्हणाले, "जाय नं. काहून लाजून राह्यला?" मग तो आला. तासात उभा राहिला. मी माझ्या पाटीवर उभा राहिलो आणि मला आत कुठेतरी वाटत होते की आता बघू, आता घरची जमीन आहे.

पहिलाच गडी समोर आला. दादा वळला, आणि त्याने खाली बघितले. वीतभर खोल तास होता. त्यातून पाय काढायचा म्हटला तरी मुद्दाम काढावा लागला असता. तरी त्याने खाली बघितले. दुसऱ्या खेपेला त्याने स्वतःलाच आवरले, मान वर ठेवली, आणि तो अडखळला. समोरचा गडी पुढे जायचे सोडून थांबला आणि म्हणाला, "लागलं का भाऊ?" तो डाव संपल्यावर दादा बाहेर आला. पायात काटा गेला म्हणाला. एका कोवळ्या मुलाला त्याने आपल्या जागी उभे केले आणि मेरेवर म्हाताऱ्यांच्यात जाऊन बसला. त्यानंतर तो खेळला नाही. पुढल्या वर्षी ते वावरही कोणीतरी वाहायला घेतले.

त्याचे लग्न धनजच्या मुलीशी झाले. तो शेती चांगली करी, भांडत नसे, कोणाच्या अध्यातमध्यात नसे. मला वाशीमला नोकरी लागली. सणावाराला मी जाई. आम्ही पीकपाण्याचे, गुराढोरांचे बोलत असू. खेळाचा विषय आम्हा दोघांत निघाला नाही. मोठेबाबा गेले तेव्हा मला वाटले, आता तरी ती गोष्ट सांगणारे कोणी राहिले नाही, दादाला हलके वाटेल. त्याच्यात काही फरक पडलेला मला दिसला नाही.

यंदा भाद्रपदात तो तापाने पडला. निरोप आला तेव्हा मी रजा घेऊन गेलो. वैद्याचे औषध चालू होते. ताप उतरे आणि पुन्हा चढे. वहिनी सारखी आतबाहेर करीत होती. दुपारी ताप जरा उतरला तेव्हा दादाने मला जवळ बसायला सांगितले. आधी तो माझ्या शाळेचे विचारत होता. मग एकाएकी म्हणाला,

"कारंज्यानंतर सूर म्हून अजून एक डाव भेटला असता तं काय झालं असतं, तुले काय वाटते?"

इतक्या वर्षांत त्याने ते नाव पहिल्यांदा काढले होते. मी म्हणालो, "जमलं असतं तुला. मान वर येतच आली होती."

त्याने माझ्याकडे बघितले. ताप असला तरी नजर स्वच्छ होती.

"खोटं नको बोलू बे. तू दुसऱ्या पाटीवर होता. बाकीच्याइनं म्हनलं तं ठीक हाय."

बाहेर वहिनी कोणाला तरी हळू बोलायला सांगत होती.

"मले एकच वाटते," थोड्या वेळाने तो म्हणाला. "थे लोक माह्या समोरून गेले, आन् मी एकबी पाह्यला नाही. तुले दिसत होते नं?"

"दिसत होते."

"मंग सांग. कसे गेले?"

मला आठवत होते तेवढे मी सांगितले. आधी तो बुटका. तो झुलत कसा होता, उजवीकडचे सोंग करून डावीकडून कसा आला, माझ्या पाटीवर कसा अडकला आणि मधल्या वाटेने कसा सटकला. मग एक उंच, लंगोटावर लाल पट्टा बांधलेला. तो धावत नव्हताच, लांब ढांगा टाकत गेला. मग ते दोघे, एक माझ्या हाताला येईल इतका जवळ आला आणि दुसरा त्याच्या आडोशाने गेला. दादा डोळे मिटून ऐकत होता. मधूनमधून "हां" म्हणत होता. लाल पट्टेवाल्याचे त्याने पुन्हा सांगायला लावले. बुटक्याच्या सोंगाचे सांगितले तेव्हा त्याच्या ओठांवर हसू आले आणि तो म्हणाला, "चांगला होता रे मंग थो."

"चांगला होता."

"आन् मी कुठी होतो तवा?"

"तू मधल्या रेघेवर होतास. येत होतास."

"खाली पाहून?"

"हो," मी म्हणालो. "खाली पाहून."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने कूस बदलली. त्या आठवड्यातच तो गेला.